अजून न झालेल्या रस्त्याने पाच दिवस

माझ्या मामांनी बेचाळीस वर्षं ट्रक चालवला. मुंबईचा माल असो, बंगळूरचा असो, नाहीतर हैदराबादचा, पुणे वाटेत यायचंच. "तुमचं पुणं ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी साताऱ्यात चहा पितो," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. पुढे मी वाहतूक नियोजनाच्या कामात आले. कामाच्या निमित्ताने लंडन, पॅरिस, माद्रिद, टोकियो इथले रिंग रोड फिरून पाहिले, पण पुण्याचा होऊ घातलेला रिंग रोड कधी जमिनीवरून पाहिला नव्हता. गेल्या डिसेंबरात मामा शिरवळहून आले तेव्हा मी नकाशा पुढ्यात पसरला आणि म्हटलं, "मामा, चला, आखणीच्या कडेकडेने गाडी घालू."

आखणी थोडक्यात अशी. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावरच्या उर्से गावापासून दोन हात निघतात. एक पश्चिमेने मावळ, मुळशी, हवेली, भोर असा खाली येतो. दुसरा पूर्वेने खेड, हवेली, पुरंदरमधून वळसा घेतो. दोन्ही सातारा रस्त्यावर वरव्यापाशी मिळतात. सगळं मिळून सुमारे 170 किलोमीटर आणि रुंदी 110 मीटर. आखणीवरून सलग जाता येत नाही, म्हणून गावरस्त्यांनी, बांधाबांधाने जितकं जवळून जाता येईल तितकं जायचं ठरलं.

पहिला दिवस : वरवे ते देहूरोड, जुन्या बायपासने

नवा रस्ता पाहण्याआधी जुना पाहायचा होता. कात्रज-देहूरोड बायपास हा पुण्याचा पहिला अर्धा रिंग रोडच. सकाळी साडेसहाला वरव्याहून निघालो. खेड शिवापूरचा टोल नाका मागे पडला, नवा कात्रज बोगदा आला. बोगद्यातून बाहेर पडताच मामा नीट सावरून बसले. गाडी मी चालवत होते, तरी त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

"आता बघ. इथून नवले पुलापर्यंत उतारच उतार. दिसत नाही डोळ्याला, पण पंचवीस टन पाठीवर असले की कळतं. डिझेल वाचतं म्हणून पोरं गिअर काढून न्यूट्रलला सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतो, लायनर जळाल्याचा वास येतो, आणि वास आला की समजायचं, ब्रेक आता नावाला आहे."

त्यांनी काच खाली केली. पुढे सिमेंटचा एक बल्कर खालच्या गिअरमध्ये गुरगुरत उतरत होता. "हा शहाणा आहे," मामा म्हणाले आणि त्याच्याशेजारून जाताना त्यांनी हात वर केला. ड्रायव्हरनेही केला.

उताराच्या तळाशी नवले पूल. तिथे शाळेच्या बस, सिंहगड रस्त्याकडे वळणारे दुचाकीस्वार, रिक्षा, रस्ता ओलांडणारी माणसं. नोव्हेंबर 2022 मध्ये याच उतारावर एका ट्रकने जवळपास 48 वाहनांना धडक दिली होती. ड्रायव्हरवर गुन्हा दाखल होतो, होऊ द्या. पण लांब पल्ल्याचा उतार आणि गावातला चौक एकाच जागी आणून ठेवणारी चूक कुणा ड्रायव्हरची नाही, हे मी माझ्या पेशातली म्हणून ठामपणे सांगते. बायपास झाला तेव्हा इथे चौक नव्हता. शेतं होती. रस्ता आला म्हणून गाळे आले, गाळे आले म्हणून सोसायट्या आल्या, सोसायट्यांना फाटे हवे झाले. बाहेरचा रस्ता वीस-पंचवीस वर्षांत आतला झाला.

वारज्याच्या पुढे गाडी अडकली ती चांदणी चौकापर्यंत. जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे स्फोटाने पाडला, नवीन पूल आणि रॅम्प 12 ऑगस्ट 2023 ला खुले झाले. आधीपेक्षा नक्कीच बरं आहे. तरी कोथरूडहून बाणेरला भाजी आणायला निघालेला माणूस आणि कोल्हापूरहून मुंबईला निघालेला कंटेनर अजून एकाच लेनमध्ये आहेत.

तिथे थांबल्या थांबल्या मामांना मी लंडनच्या एम-25 ची गोष्ट सांगितली. लंडनभोवतीचं हे 188 किलोमीटरचं वर्तुळ 1986 मध्ये पूर्ण झालं. खरं तर साठच्या दशकात लंडनने एकात एक चार वर्तुळं आखली होती. आतल्या वर्तुळांसाठी हजारो घरं पाडावी लागणार होती. लोक उठले आणि 1973 मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. बाहेरच्या दोन वर्तुळांचे तुकडे जोडून एम-25 झाला. मी त्यावरून गेले तेव्हा मला रस्त्यापेक्षा रस्त्याचा काठ जास्त आठवणीत राहिला. मैलोगणती रस्त्याला लागून एक दुकान नाही, एक गेट नाही. बरीचशी जमीन हरित पट्ट्यात, तिथे बांधकामाला परवानगी मिळणं कठीण. उतरायचं तर ठरलेल्या, नंबर दिलेल्या जंक्शनवरच.

"मग तिथं अडकत नाहीत?"

"अडकतात ना. हीथ्रो विमानतळाजवळ मी तासभर उभी होते."

मामा बघत राहिले. उत्तर द्यायला मला वाकडपर्यंतचा वेळ लागला. जंक्शनं इतकी सोयीची आहेत की दोन जंक्शनं चढून उतरणारे आसपासचे लोक रोज तोच रस्ता वापरू लागले. लांबच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता जवळच्या गाड्यांनी भरला. रस्ता रुंद केला, पुन्हा भरला. काठ राखला तरी दारं किती ठेवायची, दारावर काय घ्यायचं, हा प्रश्न उरतोच. म्हणजे काठ आणि दारं, या दोन गोष्टी मी पाचही दिवस शोधत होते.

रात्री तळेगावला मुक्काम.

दुसरा दिवस : उर्से ते सांगरूण

उर्से टोल नाक्यापासून परंदवडी, मग चांदखेड. भात कापून झालेला, खाचरांत नुसती खुंटं. खळ्यावर इंद्रायणी भाताच्या पेंढ्याच्या गंजी. हवेत पेंढ्याचा गोड वास आणि मधूनच डंपरची धूळ. चांदखेडच्या पुढे फलक सुरू झाले: 'रिंग रोड टच प्लॉट', 'रिंग रोडपासून दोन मिनिटांवर', 'आजच बुकिंग करा'. पाचाणे, रिहे, घोटवडे असं करत जाताना मी फलक मोजायला घेतले आणि चाळीसनंतर सोडून दिले. 110 मीटर रुंदीचा, सगळीकडून बंद रस्ता असेल तर 'टच' असण्याचा उपयोग काय? कुंपणाला टेकून बसता येईल, चढता येणार नाही. हे प्लॉट घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. आणि उद्या शंभर प्लॉटवाल्यांनी मिळून फाटा मागितला आणि कुणी तो दिला, तर घोटवड्यात नवले पूल व्हायला वेळ लागणार नाही.

घोटवड्याच्या अलीकडे एका शेतात मोजणीचा दगड दिसला म्हणून गाडी थांबवली. वीतभर वर आलेला, लाल रंगात आकडा, रंग दगडावरून मातीपर्यंत ओघळलेला. शेजारी वालाच्या वेलाला काठी लावत एक आजी उभ्या होत्या. मामांनी "राम राम" घातला आणि गप्पा जमल्या.

"पैशे मिळाले," आजी म्हणाल्या. "पोरांनी वाटून घेतले. नाही म्हणत नाही मी. पर विहीर त्या अंगाला अन गोठा ह्या अंगाला. मधून रस्ता. गुरं कुठनं न्यायची?"

मी त्यांना सांगितलं की खालून भुयारी मार्ग ठेवतात. त्यांनी विचारलं, "कुठं?" मला ते सांगता येईना. त्यांनी हाताने दाखवलं, त्या ओढ्याच्या पलीकडे असला तर गुरांना मैलभर फेरा. मैलभर फेरा म्हणजे दिवसाला दोन वेळा, म्हणजे म्हातारीने गुरं विकायची. एवढा हिशेब त्यांचा आधीच झालेला होता. आराखड्यावर आम्ही भुयारी मार्गासाठी एक छोटा चौकोन काढतो. तो चौकोन बोटभर सरकला की एक गोठा रिकामा होतो, हे मी त्या दिवशी शिकले.

पॅरिसला हेच मोठ्या प्रमाणात पाहिलं होतं. तिथला पेरिफेरिक जिथे आहे तिथे आधी तटबंदी होती, 1841 ते 1844 मध्ये बांधलेली. पुढे तीच शहराची हद्द झाली, तिथेच माल अडवून जकात घेत. मामांना जकात नाक्याची रांग आठवली, पुण्यात 2013 पर्यंत त्यांनी ती भोगली आहे. पॅरिसची तटबंदी पहिल्या महायुद्धानंतर पाडली आणि त्या पट्ट्यातून 35 किलोमीटरचा रस्ता 1973 मध्ये पूर्ण झाला, म्हणजे लंडनने आतली वर्तुळं सोडून दिली त्याच वर्षी. बाहेर पडायच्या जागांना आजही 'पोर्त' म्हणतात, पोर्त म्हणजे वेस. भिंत गेली, पण अलीकडचे आणि पलीकडचे हा भेद रस्त्याने जिवंत ठेवला. कानठळ्या बसवणारा तो पट्टा पायी ओलांडून पलीकडच्या वस्तीत जाताना मी स्वतः तो अनुभवला आहे. आता पॅरिस पेरिफेरिकला हळूहळू माणसात आणतंय. ऑक्टोबर 2024 पासून तिथे ताशी 50 किलोमीटरची मर्यादा आहे.

माद्रिदने तर एम-30 या आपल्या रिंग रोडचा नदीकाठचा भाग 2007 पर्यंत जमिनीखाली नेला. मांझानारेस नदीच्या दोन्ही तीरांवर रस्त्याने घर आणि पाणी तोडलं होतं, ते जोडायला इतका खर्च करावा लागला. आज वर बाग आहे, म्हातारी माणसं झाडाखाली पत्ते खेळत बसतात. मी आजींना माद्रिद सांगितलं नाही. पण त्यांचा ओढा आणि चौकोन वहीत काढून घेतला. आखणीचं काम बघणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला तो दाखवणार आहे.

कासार अंबोली, उरवडे, मुठा, बहुली. सांगरूणला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. इथे मुठा, आंबी आणि मोसे या तीन नद्या एकत्र येतात, पुढे खडकवासल्याचं पाणी. पुणेकर ज्या नळाखाली भांडी घासतात त्याचं मूळ या पाण्यात आहे. रिंग रोड याच परिसरातून जाणार. पुलावरून सांडलेलं ऑइल आणि पावसात धुऊन येणारी रस्त्याची घाण कुठे जाते, ती अडवायला टाक्या ठेवल्यात का, हा प्रश्न पुण्यातल्या माणसाने आजच विचारला पाहिजे. मामा पाण्यात उतरले, तोंड धुतलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

रात्री वारज्यात माझ्या घरी. वीस मिनिटांचं अंतर, सव्वा तास लागला.

तिसरा दिवस : खामगाव मावळ ते वरवे

हा दिवस छोटा. मालखेड, खामगाव मावळ करून सिंहगडाच्या पायथ्याशी आलो. पुढे डोंगर आडवा, रस्ता बोगद्यातून जाणार. आम्ही मात्र गोळेवाडी, कोंढणपूर असं वरून गेलो. कोंढणपूरला तुकाईचं दर्शन, देवळाबाहेर भेळ.

डोंगराखालून न्यायचं हे मला पटतं. टोकियोचा मधला रिंग रोड मार्च 2015 मध्ये पूर्ण झाला, त्यातला 18.2 किलोमीटरचा यामाते बोगदा भर वस्तीच्या खालून जातो. वर रस्त्याकडेला झाडं आणि सायकली, खाली गाड्या. बोगदा महाग, पण बोगद्याला कुणी फाटा मागत नाही आणि कुणी टपरी टाकत नाही. काठच नाही, तर काठाचं भांडणही नाही.

वरव्याला दुपारी दोनला पश्चिमेचा हात पूर्ण झाला. मुक्काम शिरवळला, मामींच्या हातची बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

चौथा दिवस : पुरंदरातून वाडे बोल्हाई

खेड शिवापूरवरून घाट चढून गराडे, कोडीत, चांबळी. हवा एकदम कोरडी झाली. अंजिराच्या बागा, सीताफळाची झाडं. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सासवडला सोपानकाकांच्या समाधीला हात जोडून सोनोरीकडे वळलो, मल्हारगड डोक्यावर. मग शिंदवणे घाट उतरून उरुळी कांचन आणि सोरतापवाडी. इथे हायवेच्या दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या. काळ्या पिशव्यांतली लाखो रोपं, पाइपने पाणी घालणाऱ्या बाया. एकीने मामांना विचारलं, "रिंग रोडवाले का?" आम्ही नाही म्हटल्यावर ती मोकळी झाली आणि दोन शेवंतीची रोपं स्वस्तात दिली.

सोलापूर रस्त्यावर चहाला बसलो तेव्हा मामांनी हैदराबाद काढलं. तिथला बाह्य रिंग रोड 158 किलोमीटरचा, आठ पदरी, 2018 मध्ये त्याचं वर्तुळ पुरं झालं. मामा तो तुकड्यातुकड्याने वाढताना पाहत आलेत.

"रातच्याला पटनचेरूला चढलो की पार विजयवाडा रोडला उतरायचं. मधे कुणी नाही. ना म्हैस, ना दुचाकी. टोल घेतात, पण टोलच्या बदल्यात झोप देतात. गावातून काढायची म्हणजे रात्री अकरापर्यंत थांबायचं, नो एंट्री उठेस्तोवर. क्लीनर म्हणायचा, मामा, हा रस्ता नसता तर आपण अजून नाक्यावर मच्छर मारत असतो."

हे ऐकून मला जे वाटतं ते नेमकं सांगते. हैदराबादने दोन रस्ते बांधले. आतला बंद, ठरावीक इंटरचेंजवरच चढायचं, दुचाकीला मज्जाव, अंतरावर टोल. त्याला लागून बाहेर सर्व्हिस रोड, गावाच्या, दुकानाच्या, शाळेच्या गाड्यांसाठी. नवी वस्ती येणारच, तिला हा दुसरा रस्ता मिळाला, त्यामुळे पहिल्याचा गळा दाबावा लागला नाही. आपल्या बायपासचा सर्व्हिस रोड मात्र तुकड्यातुकड्यांचा. पूल आला की तो संपतो, आणि मग स्कूटरवाली बाई दोन मुलांना घेऊन कंटेनरच्या लेनमध्ये येते. तिला दुसरा रस्ताच दिलेला नाही. पुण्याच्या रिंग रोडवर मला एकच गोष्ट मागायची असेल तर मी सलग सर्व्हिस रोड मागेन, पुलांच्या जागी सुद्धा सलग, आणि तो मुख्य रस्त्याच्या आधी बांधलेला.

वाडे बोल्हाईला पोचलो तेव्हा देवळात गर्दी होती. बोल्हाईच्या नैवेद्याचं मटण शिजत होतं, धूर थेट रस्त्यावर. मामा पोटभर जेवले.

पाचवा दिवस : लोणीकंद, तुळापूर, चाकण, उर्से

नगर रस्ता ओलांडायला लोणीकंदला पस्तीस मिनिटं. तिथून तुळापूर. भीमा, भामा आणि इंद्रायणीचा संगम, संभाजी महाराजांचं स्मारक. तिथे आम्ही गाडी लांब लावून चालत गेलो. एका शाळेची सहल आली होती, मुलं रांगेत शांत उभी होती.

मरकळ, सोळू, आळंदीच्या कडेने चऱ्होली, चिंबळी, कुरुळी आणि मग चाकण. चाकणच्या चौकात मामा एकदम घरचे झाले. तिन्ही बाजूंनी ट्रेलर, त्यांच्यावर नव्या कोऱ्या गाड्या.

"खरा रिंग रोड हा आहे बघ," ते म्हणाले. "तळेगावहून चाकण, चाकणहून शिक्रापूर, तिथून न्हावरे, न्हावऱ्याहून चौफुल्याला सोलापूर रोड. पुण्यात शिरायचं नाही म्हणून आम्ही ड्रायव्हर लोकांनी शोधलेला. कुणी आखला नाही, कुणी उद्घाटन केलं नाही."

तेवढ्यात एक ट्रक अगदी आमच्या खिडकीशी येऊन थांबला. क्लीनरने उडी मारली, टायरवर लाकडी दांडक्याने ठोकलं, आवाज ऐकला, पुन्हा चढला. मामांनी मान डोलावली. आवाजावरून हवा कळते.

दिल्लीने ड्रायव्हरांची ही वाट ओळखली. शहराशी काम नसलेले ट्रक शहरात शिरूच नयेत म्हणून पूर्वेला आणि पश्चिमेला प्रत्येकी 135 किलोमीटरचे परिघ द्रुतगती मार्ग 2018 मध्ये खुले झाले. त्याआधीच, 2015 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत शिरणाऱ्या ट्रकांवर पर्यावरण शुल्क बसवलं होतं. नुसता बाहेरचा रस्ता बांधून भागत नाही, आतून जाणं महाग करावं लागतं. पुण्यात या दुसऱ्या भागावर बोलणारा मला अजून भेटलेला नाही.

आणि रस्ते बांधत राहिलं म्हणजे होतं असंही नाही. ह्यूस्टनला एकाबाहेर एक अशी तीन वर्तुळं, शहर तिसऱ्याकडे धावतंय. बीजिंगला तर माणूस पत्ताच वर्तुळावर सांगतो, तिसऱ्याच्या आत, पाचव्याच्या बाहेर. जुन्या शहराची भिंत पाडून तिथे दुसरं वर्तुळ केलं आणि पुढे सहावं सुद्धा पुरलं नाही. पुण्यातलं आतलं वर्तुळ, ते उन्नत मार्गाचं, 1987 च्या विकास आराखड्यात आलं, सुमारे 36 किलोमीटरचं. आमच्या सोसायटीमागच्या त्या राखीव पट्ट्यात मी लहानपणी क्रिकेट खेळले, आता माझा भाचा खेळतो. तिथे खांब उभे राहण्यापेक्षा बसची स्वतंत्र मार्गिका आणि झाडं आली तर मला जास्त आवडेल. बाहेरचा रिंग रोड ट्रकला हवाच. आतल्या माणसाला मात्र बस हवी, मेट्रो हवी, चालायला फुटपाथ हवा. या दोन गरजा एका रस्त्यावर लादल्या की नवले पूल होतो.

तळेगाव ओलांडून संध्याकाळी सहाला उर्स्याला आलो. पाच दिवसांत मीटरवर 437 किलोमीटर झाले होते. टोल नाक्याच्या अलीकडे मातीचा भराव टाकलेला दिसला, त्यावर रोलर उभा, ड्रायव्हर सावलीत डबा उघडून बसलेला. मामा उतरले, भरावावर चढले, बुटाने माती दाबून पाहिली.

"चांगली बसलीय," ते म्हणाले. मग रोलरवाल्याशेजारी जाऊन बसले आणि त्याला विचारू लागले की पाणी किती मारता, थर किती इंचांचा देता.